मधल्या जागेचा बाजार

चाकणमधल्या सुट्या भागांच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर भरलेला ट्रक उभा असतो. माल चढवून झालेला, वजन झालेलं, ड्रायव्हरचा दुसरा चहाही झालेला. तरी गाडी हलत नाही, कारण बिलावर क्यूआर कोड आलेला नाही. कारखान्याच्या ईआरपीने, म्हणजे हिशेब-साठ्याच्या मुख्य प्रणालीने, बिल तयार केलं की ते ठरावीक साच्यातल्या जेसन फाइलच्या रूपात जीएसटीच्या इनव्हॉइस नोंदणी पोर्टलकडे जातं. पोर्टल ते तपासतं, हेच बिल आधी नोंदलं गेलंय का ते पाहतं, ६४ अक्षरांचा एक क्रमांक देतं आणि डिजिटल सही केलेला क्यूआर परत पाठवतं. मग ई-वे बिल, मग छपाई, मग गेटपास. ईआरपी चालू आहे, पोर्टलही चालू आहे, प्रिंटरमध्ये कागद आहे. अडलंय ते त्यांच्या मध्ये कुठेतरी, आणि तिथला मालक कोण असं विचारलं की तीन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे पुस्तक त्या मधल्या जागेबद्दल आहे. कंपनीच्या वेगवेगळ्या प्रणालींनी एकमेकींशी नीट बोलावं म्हणून जे सॉफ्टवेअर विकलं जातं, त्याला कधी मिडलवेअर म्हणतात, कधी इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म. आणि साधारण २००३ ते २००८ या काळात त्याला सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजे एसओए म्हटल्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांची कर्जं या धंद्यावर फिटली आहेत. तरी त्या घरांतल्या कुणाला विचारा की तुम्ही नेमकं काय करता, तर उत्तर येतं, ‘आयटीत आहे.’ पुढे सांगायला सोपे शब्द सापडत नाहीत. दिसण्यासारखं काही नसतं ना स्क्रीनवर, ना दुकानात. म्हणूनच या विषयावर मराठीत सलग पुस्तक येतंय याचं मला अप्रूप आहे.

नवख्या वाचकासाठी मूळ अडचण आधी सांगतो. कुठलीच कंपनी आपल्या सगळ्या प्रणाली एका दिवसात, एका हाताने उभारत नाही. पगाराची प्रणाली जुनी, कोबोलमधली असते. १९९२मध्ये सॅपचं आर/३ आलं आणि पुढच्या दशकात मोठ्या कारखान्यांनी हिशेब आणि साठा त्यावर नेला. विक्रीवाल्यांनी आपलं वेगळं काहीतरी घेतलं, गोदामाने वेगळं, आणि मध्येच एखादी दुसरी कंपनी विकत घेतली गेली तर तिचा सगळा संसार सोबत आला. या सगळ्यांना जोडायचं कसं? सुरुवातीला रात्रीच्या बॅचने फाइल टाकायची आणि सकाळी दुसऱ्याने उचलायची. मग घाई वाढली, तशी दोन-दोन प्रणालींना थेट जोडणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले गेले. १० प्रणाली प्रत्येकीशी जोडायच्या म्हटल्या तर ४५ जोडण्या होतात, २० झाल्या तर १९०. प्रत्यक्षात इतक्या कधी लागत नाहीत, पण ज्या असतात त्यांचा नकाशा कुणाकडे नसतो. ज्याने लिहिल्या तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

यावर एक दणकट उत्तर आलं ते रांगेचं. आयबीएमने १९९३मध्ये एमक्यूसिरीज बाजारात आणलं. पाठवणाऱ्याने संदेश रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं; घेणारा त्या वेळी बंद असला तरी संदेश हरवणार नाही, तो उठेल तेव्हा त्याला मिळेल, ही हमी. ज्याचा पत्ता लागत नाही किंवा जो पोचवता येत नाही, असा संदेश ‘डेड लेटर क्यू’त जाऊन पडतो. रात्रपाळीच्या सपोर्टवाल्याचा दिवस त्या रांगेतले आकडे मोजण्यापासून सुरू होतो. नाव दोनदा बदललं, पण ते उत्पादन आजही जगभरच्या बँकांत चालू आहे. या बाजारात इतकं कमी बोललं गेलेलं आणि इतकं टिकलेलं दुसरं काही मला माहीत नाही.

दुसरं उत्तर शेअरबाजारातून आलं, आणि त्यात मुंबईचा धागा आहे. मुंबईत वाढलेले आणि तिथून एमआयटीला गेलेले विवेक रणदिवे यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्समध्ये ‘द इन्फर्मेशन बस’ उभी केली. तेव्हा वॉल स्ट्रीटवरच्या दलालाच्या टेबलावर भाव पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा वेगळा पडदा असे आणि त्यांची गोळाबेरीज त्याने डोक्यात करायची. बसची कल्पना अशी की भाव बदलला की तो विषयाच्या नावाने जाहीर करायचा. ज्यांना तो विषय हवा त्यांनी आधीच नाव नोंदवलेलं असतं, त्यांच्यापर्यंत तो आपोआप पोचतो. पाठवणाऱ्याला घेणारा कोण हे ठाऊकच नसतं. रॉयटर्सने १९९४मध्ये ती कंपनी विकत घेतली, १९९७मध्ये त्यातून टिबको निघाली आणि १९९९च्या तेजीत तिचे शेअर बाजारात आले. आज काफ्का या संदेशवहनाच्या साधनाबद्दल उत्साहाने बोलणाऱ्या तरुणांना मी हा इतिहास मुद्दाम सांगतो. काफ्काची नोंदवही-पद्धत वेगळी आहे, तो साठवतो, मागचं पुन्हा वाचू देतो. पण ‘जाहीर कर, ज्याला हवं तो घेईल’ हे त्याचं घराणं तेच.

कोर्बा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलता यावं म्हणून केलेलं मानक, त्याची हकिगत लांबवत नाही. १९९१चं ते मानक कागदावर देखणं होतं आणि वापरायला अवघड. नव्वदीच्या उत्तरार्धात वेबमेथड्स, व्हिट्रिया, सीबियॉन्ड, क्रॉसवर्ल्ड्स अशा कंपन्यांनी मधोमध एक केंद्र आणि प्रत्येक प्रणालीसाठी एक ॲडॅप्टर अशी मांडणी विकायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचं बिझटॉकही २०००मध्ये आलं. गुंता कमी झाला, पण प्रत्येक केंद्राची आतली भाषा वेगळी. एकाचं घेतलं की दुसऱ्याकडे जायची सोय राहत नसे.

एसओए हा शब्द गार्टनर या संशोधन कंपनीच्या रॉय शुल्ट आणि येफिम नॅटिस यांनी १९९६मध्ये वापरला, तेव्हा त्याला बाजार नव्हता. बाजार झाला तो पुढच्या पाच वर्षांत: २०००मध्ये संदेशाचं पाकीट ठरवणारं सोप, २००१मध्ये सेवेचा करार लिहायची भाषा डब्ल्यूएसडीएल. कल्पना साधी आणि खरोखर चांगली होती. प्रणालीने आपलं पोट उघडं करायचं नाही. ‘ग्राहकाची पत सांगतो’, ‘ऑर्डर घेतो’ अशी ठरावीक कामं सेवा म्हणून देऊ करायची, प्रत्येक सेवेचा लेखी करार असायचा, आणि करार पाळला जातोय तोवर आत कोबोल आहे की जावा हे कुणी विचारायचं नाही. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टसारखे हाडवैरी एका टेबलाशी बसून मानकं लिहीत होते, हे दृश्यच इतकं नवलाचं होतं की ग्राहकांनी त्यावर विश्वास टाकला.

या पर्वातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट यूडीडीआयची आहे. जगातल्या सगळ्या कंपन्यांच्या सेवांची एक जाहीर सूची असेल, तुमचं सॉफ्टवेअर त्यात शोधेल, हवी ती सेवा निवडेल आणि स्वतःच जोडून घेईल, असं ते स्वप्न. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी ती सूची चालवलीसुद्धा. जानेवारी २००६मध्ये ती बंद झाली. तंत्र फसलं नव्हतं. अनोळखी माणसाशी कुणी सूची बघून धंदा करत नाही, एवढंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उधारी किती, माल परत आला तर कोणी सोसायचा, बिघाड झाला तर रात्री दोनला फोन कुणाला लावायचा, हे ठरल्याशिवाय दोन कंपन्या जोडल्या जात नाहीत. आणि ठरलं की मग सूचीची गरज उरत नाही.

२००२मध्ये शुल्ट यांनीच ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’, म्हणजे ईएसबी, हा प्रकार नावारूपाला आणला आणि बाजाराला हवं होतं ते मिळालं: एसओए ही कल्पना विकता येत नव्हती, बस विकता येत होती. प्रोसेसरवर मोजलेलं लायसन्स, वर दरवर्षी त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याची देखभाल फी. जुन्या केंद्रांवर नवे फलक लागले. बाजारसमितीतला अडत्या जसा शेतकरी आणि व्यापारी दोघांनाही आपल्याशिवाय सौदा होऊच शकत नाही अशा जागी बसतो, तशी ही बस बसली. सुरुवातीला ती फक्त संदेश इकडून तिकडे नेत होती. मग साचा बदलून देऊ लागली, मग कुठे पाठवायचं ते ठरवू लागली, आणि चार वर्षांत कंपनीचे निम्मे नियम तिच्या पोटात जाऊन बसले. कुठल्या वितरकाला किती सवलत हे विक्रीच्या प्रणालीत सापडेना; ते बसमधल्या एका रूपांतराच्या ओळीत दडलेलं असे.

मोठ्या कंपन्यांना या मधल्या जागेची किंमत नेमकी कळली होती. एकदा बसवलेलं मधलं सॉफ्टवेअर काढणं हे हिशेबाची प्रणाली बदलण्याइतकंच जिवावर येतं, म्हणून त्याची फी वर्षानुवर्षं येत राहते. आयबीएमने २००२मध्ये क्रॉसवर्ल्ड्स घेतली, २००५मध्ये डेटापॉवर. सनने २००५मध्ये सीबियॉन्ड ३८.७ कोटी डॉलरना घेतली. सॉफ्टवेअर एजीने २००७मध्ये वेबमेथड्स ५४.६ कोटी डॉलरना. ऑरॅकलने २००८मध्ये बीईए तब्बल ८५० कोटी डॉलरना गिळली, आणि दोन वर्षांनी सनच घेतल्यामुळे सीबियॉन्डही त्याच पोटात गेली. परिणाम असा की एकाच विक्रेत्याच्या पेटाऱ्यात दोन-दोन, तीन-तीन बस. आयबीएमकडे वेबस्फिअर ईएसबी, मेसेज ब्रोकर आणि डेटापॉवर असे तीन पर्याय होते, आणि यातलं काय घ्यावं हे विक्रीला आलेल्या माणसालाही नीट सांगता येत नसे. मग तो हसून म्हणायचा, ‘तिन्ही घ्या, कामं वेगवेगळी आहेत.’ काही ग्राहकांनी खरंच तिन्ही घेतली.

प्रकल्प बुडाले ते मात्र लायसन्समुळे नाही. ते कसे बुडत, हे बघायचं तर तेव्हाच्या एखाद्या बैठकीत बसायला हवं. विषय असतो ‘ग्राहक’ या नोंदीचा सर्वमान्य साचा ठरवणं, म्हणजे सगळ्या प्रणाली तो एकच साचा वापरतील. कारखाना दुचाकींचा आहे. विक्रीवाला म्हणतो ग्राहक म्हणजे डीलर, आम्ही गाड्या त्यालाच विकतो. हिशेबवाला म्हणतो ज्याच्या नावाने बिल फाटतं तो. आणि काही डीलरांच्या गाड्यांचं बिल फायनान्स कंपनीच्या नावे असतं. सर्व्हिसवाला म्हणतो जो गाडी घेऊन दारात येतो तो, मग त्याने ती जुनी विकत घेतलेली का असेना. तिघंही बरोबर आहेत. सल्लागार फळ्यावर चौकोन काढतो, त्यात आणखी चौकोन काढतो, आणि चौथ्या महिन्यात दोनशेहून जास्त रकाने असलेला एक साचा तयार होतो, ज्यातले दहा रकानेच सगळ्यांना समान असतात. बाकीचे ‘ऐच्छिक’. अशा साच्यावर उभ्या केलेल्या सेवा कागदावर सगळ्यांच्या असतात, वापरात कुणाच्याच नाहीत. सॉफ्टवेअर विकत मिळतं; विभागांमधला समझोता कुठल्याच किंमतपत्रकावर नसतो. ५ जानेवारी २००९ रोजी बर्टन ग्रुप या संशोधन संस्थेच्या ॲन थॉमस मेन्स यांनी एसओए वारल्याचं जाहीर केलं आणि सेवा मात्र चिरायू होवोत असंही लिहिलं. मंदीचे दिवस होते. ज्यांना बजेट कापायचं होतं त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं नाही.

बसच्या विरोधातलं घराणं तोवर आकाराला आलं होतं. शहाणपण मधल्या नळात नको, दोन्ही टोकांना हवं, हे त्याचं सूत्र. रॉय फील्डिंग यांनी २०००च्या आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेवरून रेस्ट या शैलीची मांडणी केली होती. हळूहळू सोपची जाडजूड पाकिटं जाऊन साधे एचटीटीपी आणि जेसन आले. ॲमेझॉनमध्ये २००२च्या सुमारास जेफ बेझोस यांनी प्रत्येक गटाने आपली माहिती फक्त सेवेच्या दारातूनच द्यायची असा हुकूम काढल्याचं तिथे काम केलेल्या स्टीव्ह येगी यांनी २०११मध्ये लिहिलं. म्हणजे एसओएचा सर्वांत यशस्वी प्रयोग तिचं नाव न घेता आणि बस न विकत घेता झाला! मुक्त स्रोतातून म्यूल आलं, अपाचे कॅमल आलं, आणि २००५मध्ये श्रीलंकेत डब्ल्यूएसओटू सुरू झाली. ग्रेगर होप आणि बॉबी वूल्फ यांचं २००३चं ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ हे या सगळ्यांचं सामाईक व्याकरण. त्यातली ६५ चित्रं आजही कुठल्याही विक्रेत्याच्या उत्पादनात ओळखू येतात. २०१४मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखाने लहान-लहान स्वतंत्र सेवांसाठीचा मायक्रोसर्व्हिसेस हा शब्द घरोघरी पोचवला.

तरी मधली जागा रिकामी राहिली असं समजू नये. बस गेली आणि तिथे सेवांच्या दारावर पहारा देणारं एपीआय गेटवे आलं. पाठोपाठ ढगातली, महिन्याच्या भाड्याने मिळणारी इंटिग्रेशन सेवा. गुगलने २०१६मध्ये अ‍ॅपिजी ६२.५ कोटी डॉलरना घेतली. महागड्या बसला मुक्त स्रोतातला पर्याय म्हणून जन्मलेली म्यूलसॉफ्ट २०१८मध्ये सेल्सफोर्सने ६५० कोटी डॉलरना घेतली. आणि २००७मध्ये विकली गेलेली वेबमेथड्स २०२४मध्ये स्ट्रीमसेट्ससह २१३ कोटी युरोंना आयबीएमकडे गेली. वेबमेथड्सच्या या दुसऱ्या विक्रीकडे वाचकाने जरा थांबून पाहावं. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या म्हटल्या गेलेल्या बाजारातली मालमत्ता एवढ्या भावाला का जाते? कारण ती ज्यांच्या मध्ये बसली आहे त्या प्रणाली अजून जाग्यावर आहेत.

आपल्याकडे हा विषय आता तातडीचा का झाला, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं यूपीआय. चहाच्या टपरीवर दहा रुपये देताना ॲपमागची बँक एनपीसीआयकडे विनंती पाठवते, एनपीसीआय देणाऱ्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते, होकार आला की घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगते. प्रत्येक विनंतीला ताबडतोब फक्त पोच मिळते, खरं उत्तर नंतर स्वतंत्र संदेशाने येतं, आणि सगळा व्यवहार एका क्रमांकाने बांधलेला असतो. वजा झालं आणि जमा झालं नाही तर उलटी नोंद करायची, एकाच क्रमांकाची विनंती दोनदा आली तर पैसे दोनदा कापायचे नाहीत. एसओएच्या पुस्तकांतले सगळे अवघड धडे २०१६पासून आपण गल्लीबोळांत गिरवतोय, आणि इथे मधल्या जागेवर विक्रेता नसून बँकांनी मिळून उभारलेली संस्था आहे. दुसरं कारण ई-इनव्हॉइस. ऑक्टोबर २०२०मध्ये ते ५०० कोटींवरच्या उलाढालीला सक्तीचं झालं. टप्प्याटप्प्याने मर्यादा उतरत ऑगस्ट २०२३मध्ये ५ कोटींवर आली. पूर्वी इंटिग्रेशन हा बड्या कंपन्यांचा शौक होता. आता इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला आणि भोसरीच्या टर्निंग शॉपलाही कुणाच्या तरी एपीआयशी नातं जोडावं लागतं. बहुतेकदा ते त्याच्या हिशेबाच्या पॅकेजमध्ये आयतं येतं आणि बंद पडलं की मगच त्याच्या अस्तित्वाची खबर लागते. सध्या एआय एजंटांना कंपनीच्या प्रणालींत हात घालू द्यायची चर्चा जोरात आहे. तिथेही करार कोणता, परवानगी कुणाची आणि तीच आज्ञा दोनदा गेली तर काय, हे प्रश्न चुकणार नाहीत.

या पुस्तकाने बाजाराचा इतिहास सांगितला आहे, पण त्याचा रोख खरेदीदाराकडे आहे. कुठलं उत्पादन चांगलं याची गुणपत्रिका त्यात मिळणार नाही, आणि तेच बरं. अशा याद्या छापून येईपर्यंत शिळ्या होतात. लायसन्स कसं मोजलं जातं, निविदेत कोणती वाक्यं कुणाच्या सोयीची असतात, अंमलबजावणीचं बिल लायसन्सहून का फुगतं, हे लेखकाने आतल्या माणसाच्या नजरेने लिहिलं आहे. रात्रपाळीच्या सपोर्टवर एक अख्खं प्रकरण आहे. या धंद्याच्या पुस्तकांत ते सहसा नसतं, आणि आपल्या मुला-मुलींचं निम्मं आयुष्य तिथे जातं. आरोग्यसेवेतली मानकं, सरकारी खात्यांमधली देवाणघेवाण हे विषय मात्र ओझरते आले आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढावेत.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे. त्यांना वाटतं की उघड्या मानकांमुळे मधला विक्रेता हळूहळू विरघळून जाईल. मला तशी चिन्हं दिसत नाहीत. मानक उघडं असलं तरी साचे बदलणारे नियम, वेळापत्रकं आणि कोणाला काय दाखवायचं याच्या परवानग्या विक्रेत्याच्याच साधनात लिहिल्या जातात, आणि तिथून त्या बाहेर काढायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची पकड. लेखकाने खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांची यादी दिली आहे, त्यात ‘उद्या तुमचं उत्पादन काढायचं ठरवलं तर आमच्या हातात काय उरेल?’ हा प्रश्न अगदी शेवटी आहे. मी तो पहिला विचारतो, आणि उत्तर लेखी मागतो.